वातावरणातील वायूंच्या प्रमाणातील बदल आणि जागतिक तापमानवाढ : एक विवेचन

गोषवारा :

जागतिक तापमानवाढ हा विषय आज सर्व विद्याशाखांच्या अभ्यासक्रमात समाविष्ट आहे. तथापि वातावरणातील वायूंचे बदलते प्रमाण आणि पृथ्वीचे वाढते तापमान यांतील कार्यकारणसंबंध अध्यापनात पुरेशा स्पष्टतेने मांडला जातोच असे नाही. प्रस्तुत लेखात हरितगृह परिणामाचे कार्य, प्रमुख वायूंच्या प्रमाणातील नोंदलेली वाढ, ही वाढ मानवनिर्मित असल्याचे पुरावे आणि प्रत्येक वायूचे वातावरणातील आयुष्य यांचे विवेचन केले आहे. वार्षिक उत्सर्जन आणि वातावरणातील संचित साठा या दोन भिन्न बाबी आहेत, हा फरक लक्षात घेतल्याशिवाय तापमानवाढीचा प्रश्न समजत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हरितगृह वायू, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, अवरक्त प्रारण, समस्थानिक, संचित साठा.

प्रस्तावना :

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य केला. त्यामुळे कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांचे विद्यार्थी हा विषय शिकतात आणि अनेक महाविद्यालयांत भूगोल, अर्थशास्त्र, वाणिज्य, क्वचित भाषा विषयांचे प्राध्यापकही तो शिकवतात. ही बाब स्वागतार्ह असली तरी तिच्यामुळे एक जबाबदारीही येते. प्रस्तुत लेखकाने या विषयाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक उत्तर वारंवार वाचले आहे : 'ओझोन थराला छिद्र पडल्यामुळे सूर्याची उष्णता थेट पृथ्वीवर येते व त्यामुळे जागतिक तापमानवाढ होते.' हे उत्तर चुकीचे आहे. पण इतके विद्यार्थी एकच चूक एकाच शब्दांत लिहितात, तेव्हा ती चूक केवळ विद्यार्थ्यांची नसते. ती वर्गातून किंवा मार्गदर्शक पुस्तकांतून आलेली असते. प्रस्तुत लेखकानेही सेवेच्या पहिल्या वर्षी ओझोनचा ऱ्हास व तापमानवाढ हे दोन विषय एकाच तासात, एकापाठोपाठ शिकवले होते आणि त्यांतील भेद स्पष्ट केला नव्हता, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

कारण चुकीचे समजले तर उपायही चुकीचे सुचतात. म्हणून या विषयातील मूलभूत संकल्पनांची क्रमवार मांडणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) अल्प प्रमाणातील वायू पृथ्वीच्या तापमानावर प्रभाव कसा टाकतात हे स्पष्ट करणे.
२) या वायूंच्या प्रमाणातील वाढ व तिच्या मानवी उगमाचे पुरावे मांडणे.
३) ओझोनचा ऱ्हास व तापमानवाढ यांतील भेद विशद करणे.
४) उत्सर्जन व साठा यांतील संबंध स्पष्ट करून त्याचे भारतीय संदर्भ पाहणे.

१. वातावरणाची रचना व हरितगृह परिणाम :

कोरड्या हवेत नायट्रोजन सुमारे ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के आणि अरगॉन ०.९३ टक्के असतो. म्हणजे ९९.९ टक्क्यांहून अधिक हवा या तीन वायूंचीच असते. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण २०२४ मध्ये जेमतेम ०.०४२ टक्के, म्हणजे हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारे ४२४ भाग इतके होते. इतका अल्प वायू संपूर्ण पृथ्वीचे तापमान कसे बदलू शकेल, ही शंका विद्यार्थी नेहमी विचारतात आणि ती रास्तही आहे.

या शंकेचे उत्तर रेणूंच्या रचनेत आहे. सूर्यापासून येणारी ऊर्जा मुख्यतः दृश्य प्रकाश व त्यालगतच्या लहान तरंगलांबीच्या किरणांच्या रूपात येते. पृथ्वीचा पृष्ठभाग तापल्यावर तो ही ऊर्जा अधिक तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात परत फेकतो. नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंत एकाच मूलद्रव्याचे दोन अणू असतात. अशा रेणूच्या कंपनामुळे त्यातील विद्युतभाराची मांडणी बदलत नाही, म्हणून तो अवरक्त किरण जवळजवळ शोषत नाही. कार्बन डायऑक्साइड, बाष्प, मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांच्या रेणूंत तीन किंवा अधिक अणू असतात व त्यांची कंपने अवरक्त किरणांशी जुळतात. कार्बन डायऑक्साइड विशेषतः १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण शोषतो आणि पृथ्वी नेमक्या याच पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर ऊर्जा उत्सर्जित करते. सारांश, हवेचा ९९ टक्के भाग या किरणांना अडवतच नाही. जो अडवतो तो अल्प भागच पृथ्वीचे तापमान ठरवतो.

हा परिणाम आकड्यांतही मांडता येतो. वातावरणाच्या माथ्यावर पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सरासरी सुमारे ३४० वॅट सौर ऊर्जा मिळते. त्यातील सुमारे ३० टक्के ढग, हिम व भूपृष्ठ यांवरून परावर्तित होते आणि सुमारे २४० वॅट शोषली जाते. एवढीच ऊर्जा परत बाहेर टाकण्यासाठी पृथ्वीचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस पुरेसे असते. प्रत्यक्षात भूपृष्ठाचे सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास आहे. हा ३३ अंशांचा फरक हरितगृह परिणामामुळे पडतो. त्यामुळे हरितगृह परिणाम स्वतः संकट नाही, तो जीवसृष्टीचा आधार आहे. संकट आहे ते त्याच्या वेगाने होणाऱ्या वाढीत.

येथे आणखी एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. कार्बन डायऑक्साइड आपल्या पट्ट्यातील बहुतेक किरण आधीच शोषत असेल, तर त्यात भर पडल्याने काय बिघडते? वातावरण हा एकच पडदा नाही. ते एकावर एक असलेल्या अनेक थरांचे बनलेले आहे. प्रत्येक थर किरण शोषतो व पुन्हा उत्सर्जित करतो. ज्या उंचीवरून ही ऊर्जा अखेर अवकाशात निसटते, ती उंची वायूचे प्रमाण वाढल्यावर वर सरकते. तपांबरात वर जावे तसे तापमान घटते, म्हणून त्या अधिक उंचीवरून कमी ऊर्जा बाहेर पडते. येणारी ऊर्जा मात्र तेवढीच राहते. हा ताळेबंद पुन्हा जुळेपर्यंत भूपृष्ठ तापत जाते. काचेचे घर मुख्यतः आतील गरम हवा बाहेर जाऊ न दिल्याने उबदार राहते. त्यामुळे 'हरितगृह' ही उपमा सोयीची असली तरी तंतोतंत लागू पडत नाही, हे अध्यापनात सांगणे इष्ट ठरेल.

२. शास्त्रीय विचाराचा इतिहास :

हा सिद्धांत अलीकडचा नाही. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फुरिये याने १८२० च्या दशकात वातावरण पृथ्वीची उष्णता रोखून धरते असा विचार मांडला. अमेरिकेतील युनिस फुट या महिलेने १८५६ मध्ये निरनिराळ्या वायूंनी भरलेल्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइडची नळी अधिक तापते असे दाखवले. जॉन टिंडाल याने १८५९ पासूनच्या प्रयोगांत नायट्रोजन व ऑक्सिजन उष्णताकिरणांना जवळजवळ पारदर्शक असतात, तर बाष्प व कार्बन डायऑक्साइड ते शोषतात हे मोजून सिद्ध केले. १८९६ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस याने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल असे गणित मांडले. आजच्या संशोधनानुसार हा आकडा सुमारे ३ अंश आहे. हाताने केलेल्या त्या गणिताची दिशा मात्र बरोबर होती. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे तापमान वाढत असल्याचे व त्याचा संबंध कोळशाच्या ज्वलनाशी असल्याचे प्रतिपादन केले. या विचाराला सुमारे दोनशे वर्षांची परंपरा आहे. राजकीय वादातून निर्माण झालेली ही कल्पना नव्हे, ही बाब विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली पाहिजे.

३. वायूंच्या प्रमाणातील नोंदलेली वाढ :

चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर सुमारे ३४०० मीटर उंचीवर कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू केली. तेव्हा हे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१३ भाग होते. २०२४ मध्ये जागतिक हवामान संघटनेने नोंदवलेली जागतिक सरासरी सुमारे ४२४ भाग आहे. २०२३ ते २०२४ या एका वर्षात ३.५ भागांची वाढ झाली. आधुनिक मोजणी सुरू झाल्यापासूनची ही सर्वांत मोठी वार्षिक वाढ होय.

त्यापूर्वीच्या काळाचा पुरावा अंटार्क्टिकाच्या हिमात मिळतो. हिमाचे थर साचताना त्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. खोल छिद्र पाडून काढलेल्या हिमस्तंभांतील या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लक्ष वर्षांतील हवेची रचना कळली आहे. या प्रदीर्घ काळात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हिमयुगात सुमारे १८० पर्यंत उतरले व उष्ण कालखंडात २८० ते ३०० पर्यंत चढले. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २७८ च्या आसपास होते. म्हणजे हिमयुग व उष्ण कालखंड यांच्यात जेवढा फरक होता, त्याहून मोठी वाढ गेल्या पावणेतीनशे वर्षांत झाली आणि तिच्यातील बहुतांश भाग १९५८ नंतरचा आहे.

इतर वायूंचीही हीच स्थिती आहे. मिथेनचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी अब्ज भागांत सुमारे ७२९ भाग होते, ते २०२४ मध्ये १९४२ झाले. नायट्रस ऑक्साइड याच काळात २७० वरून ३३८ वर गेला. मिथेनच्या वाढीमागे पशुपालन, भातशेती, कचऱ्याचे ढीग, कोळशाच्या खाणी व नैसर्गिक वायूची गळती ही प्रमुख कारणे आहेत. नायट्रस ऑक्साइडच्या वाढीमागे मुख्यतः नत्रयुक्त खते व शेणखताचा वापर आहे.

या मोजणीचा एक धागा आपल्याही भूमीशी जुळतो. दक्षिण गोव्यातील काब द राम या समुद्रकाठच्या ठिकाणी १९९३ पासून हवेचे नमुने गोळा करण्यात आले व ऑस्ट्रेलियातील शासकीय संशोधन संस्थेच्या सहकार्याने त्यांचे पृथक्करण झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर अशी मोजणी केली. काब द रामचे वैशिष्ट्य भूगोलाच्या अध्यापकांना विशेष उपयुक्त वाटेल. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तेथे हिंदी महासागरावरून, दक्षिण गोलार्धातून आलेली स्वच्छ हवा पोहोचते. हिवाळ्यात वाऱ्यांची दिशा उलटते आणि भारतीय उपखंडावरील वस्ती, उद्योग व शेती यांच्यावरून आलेली हवा तेथे मिळते. एकाच ठिकाणी उभे राहून वर्षातून दोनदा दोन वेगळ्या प्रदेशांची हवा तपासता येते.

४. ही वाढ मानवनिर्मित कशावरून?

'हे बदल नैसर्गिक आहेत' या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी चार स्वतंत्र पुरावे उपलब्ध आहेत.

पहिला पुरावा कार्बनच्या समस्थानिकांचा. कार्बन १४ हा किरणोत्सारी समस्थानिक काही हजार वर्षांत क्षय पावतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली असलेल्या कोळशात व तेलात तो शिल्लक नसतो. इंधन जाळल्यावर हवेतील कार्बन १४ चा वाटा घटला पाहिजे, आणि हान्स स्यूस यांना १९५० च्या दशकात नेमकी ही घट आढळली. तसेच वनस्पती कार्बन १३ पेक्षा हलका कार्बन १२ अधिक घेतात. कोळसा व तेल हे प्राचीन वनस्पती व सूक्ष्मजीवांचेच अवशेष असल्याने त्यांच्यातही कार्बन १३ कमी असतो. हवेतील कार्बन १३ चा वाटा सातत्याने घटत आहे. ज्वालामुखीतून येणाऱ्या कार्बनवर अशी खूण नसते. शिवाय ज्वालामुखींचे वार्षिक उत्सर्जन मानवी उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

दुसरा पुरावा ऑक्सिजनचा. ज्वलनात ऑक्सिजन खर्च होतो. राल्फ कीलिंग यांच्या मोजणीतून हवेतील ऑक्सिजनची अत्यल्प पण निश्चित घट दिसून आली आहे. समुद्रातून केवळ कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असता तर अशी घट झाली नसती. ही घट श्वसनाच्या दृष्टीने चिंतेची नाही. ऑक्सिजनचा साठा प्रचंड आहे. तिचे महत्त्व पुरावा म्हणून आहे.

तिसरा पुरावा साध्या हिशेबाचा. वातावरणातील प्रमाण एका भागाने वाढण्यास सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. इंधन ज्वलन व जंगलतोड मिळून मानव दरवर्षी सुमारे ४१ अब्ज टन उत्सर्जन करतो. ते सर्व हवेत राहिले असते तर वाढ पाच भागांहून अधिक झाली असती. प्रत्यक्षात अलीकडची सरासरी वाढ अडीच भागांच्या आसपास आहे. उरलेला जवळजवळ निम्मा वाटा समुद्र व वनस्पती शोषून घेतात. म्हणजे निसर्ग येथे भर घालत नसून आपला भार हलका करत आहे. त्याची किंमतही तो मोजतो आहे. समुद्राच्या पृष्ठजलाची आम्लता त्यामुळे वाढत आहे.

चौथा पुरावा वातावरणाच्या वरच्या थराचा. सूर्य अधिक प्रखर झाल्यामुळे तापमान वाढले असते, तर स्थितांबरही तापले असते. स्युकुरो मनाबे व रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने दाखवले की कार्बन डायऑक्साइड वाढल्यास खालचा थर तापेल व स्थितांबर थंड होईल. पुढील दशकांतील निरीक्षणांत हेच आढळले. मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

५. ओझोनचा ऱ्हास व तापमानवाढ : एक नेहमीची गल्लत :

ओझोनचा थर स्थितांबरात असून तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो. क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील वायू हा थर नष्ट करू शकतात असे मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये सांगितले. अंटार्क्टिकावरील ओझोन विवराचा शोध १९८५ मध्ये जाहीर झाला. या विवरामुळे त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू असे धोके वाढतात. जागतिक तापमानवाढ मात्र त्यातून 'आत शिरणाऱ्या' उष्णतेमुळे होत नाही. तापमानवाढ ही बाहेर जाणारी उष्णता अडल्यामुळे होते. एका समस्येत येणाऱ्या अतिनील किरणांचा प्रश्न आहे, तर दुसरीत जाणाऱ्या अवरक्त किरणांचा. हा भेद एका वाक्यात फळ्यावर लिहिला तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

या दोन समस्यांत एक खरा दुवा आहे आणि त्यामुळेच गल्लत होते. क्लोरोफ्लुरोकार्बन हे स्वतः प्रभावी हरितगृह वायूही आहेत. ही बाब १९७५ मध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी दाखवून दिली. त्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ओझोन थराचे रक्षण करताना तापमानवाढही काही प्रमाणात रोखली. पुढे शीतकरणासाठी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला अपाय करत नाहीत, पण उष्णता रोखतात. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यांच्यावरही मर्यादा घातल्या. भारताने ती दुरुस्ती २०२१ मध्ये स्वीकारली.

६. वायूचे आयुष्य : साठा व प्रवाह :

बाष्प हा सर्वाधिक प्रमाणात असलेला हरितगृह वायू आहे. मग त्याला दोष का दिला जात नाही? बाष्प हवेत सरासरी नऊ-दहा दिवस राहते व पर्जन्यरूपाने खाली येते. हवेत किती बाष्प मावेल हे तापमान ठरवते. तापमान एका अंशाने वाढले की ही क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे बाष्प तापमानवाढ सुरू करत नाही. दुसऱ्या वायूंनी सुरू केलेली वाढ ते अधिक तीव्र करते.

मिथेन वातावरणात सुमारे १२ वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या कालावधीत एक टन मिथेनचा परिणाम एक टन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट असतो, तर वीस वर्षांच्या कालावधीत तो सुमारे ८० पट असतो. नायट्रस ऑक्साइड शतकाहून अधिक काळ टिकतो व शंभर वर्षांत त्याचा परिणाम सुमारे २७३ पट असतो. कार्बन डायऑक्साइडला असे एक आयुष्य नाही. त्याचा काही भाग समुद्र व वनस्पती काही दशकांत शोषतात, बराचसा शतकानुशतके राहतो आणि काही अंश हजारो वर्षे उरतो.

येथेच या विषयाचा गाभा आहे. शालेय अंकगणितातील हौद व नळांची गणिते आपणा सर्वांना आठवत असतील. हौद भरणारा नळ हे वार्षिक उत्सर्जन, तळाची बारीक तोटी हे समुद्र व वनस्पती यांचे शोषण आणि हौदातील पाणी हा वातावरणातील साठा. तापमान ठरते ते हौदातील पाण्याच्या पातळीवर, नळाच्या धारेवर नाही. धार थोडी कमी केली तरी ती तोटीपेक्षा मोठी असेपर्यंत पातळी वाढतच राहते. याचा प्रत्यय २०२० मध्ये आला. कोविड महामारीमुळे जगभरची वाहतूक व कारखाने थांबले आणि इंधन ज्वलनातून होणारे उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी घटले. तरीही त्या वर्षी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आधीच्या वर्षापेक्षा सुमारे अडीच भागांनी वाढले. टाळेबंदीत आकाश निळे दिसले, ते अल्पायुषी धूळ व धूर खाली बसल्यामुळे. दीर्घायुषी वायूचा साठा तसाच राहिला. 'प्रदूषण कमी झाले म्हणजे तापमानवाढ थांबली' हा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

मिथेनचा हौद मात्र वेगळा आहे. त्याची तोटी मोठी आहे, म्हणून धार कमी केल्यास पातळी काही वर्षांतच उतरू लागते. त्यामुळे मिथेनमध्ये केलेली कपात लवकर फळ देते, तर कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणल्याशिवाय तापमानवाढ थांबत नाही. दोन्ही उपाय आवश्यक आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

७. भारतीय संदर्भ :

२०११ ते २०२० या दशकाचे जागतिक सरासरी तापमान १८५०-१९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंशाने अधिक होते. २०२४ हे वर्ष या पायाभूत काळापेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरलेले पहिले वर्ष होय. भारताच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. ही वाढ जागतिक सरासरीपेक्षा कमी दिसते. तिचा अर्थ आपल्यावर परिणाम कमी आहे असा लावणे मात्र धोक्याचे ठरेल.

याचे एक महत्त्वाचे कारण हवेतील सूक्ष्म कण हे आहे. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय निरीक्षण मोहिमेत दक्षिण आशियावरून समुद्रावर पसरलेला तपकिरी धुरकट थर आढळला. असे कण सूर्यप्रकाश अडवून भूपृष्ठाला काही प्रमाणात थंड ठेवतात व वायूंमुळे होणाऱ्या तापमानवाढीचा काही अंश झाकून टाकतात. पण हे कण काही दिवसांतच खाली बसतात. आरोग्यासाठी हवा स्वच्छ केलीच पाहिजे. ती जसजशी स्वच्छ होईल, तसतशी झाकलेली तापमानवाढ उघड होईल. ज्या साठ्याचा पूर्ण परिणाम अद्याप आपण अनुभवलेला नाही, तो साठा वर हवेत आहेच.

मान्सूनवरील परिणामही असाच दुहेरी आहे. याच अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, तर मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी व अतिवृष्टी अधिक, हे चित्र प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण अधिक उष्ण हवा अधिक बाष्प धरते व ते कमी वेळात मोकळे करते, तर सूक्ष्म कणांमुळे जमीन व समुद्र यांतील तापमानाचा फरक कमी होऊन मान्सूनचा एकूण जोर मंदावतो, हे लक्षात घेतले की विसंगती राहत नाही. कोरडवाहू शेतीवर विसंबून असलेल्या महाराष्ट्रात पावसाच्या बेरजेइतकेच त्याच्या वाटणीला महत्त्व आहे, हे वेगळे सांगावयास नको.

निष्कर्ष :

१) कार्बन डायऑक्साइड व तत्सम वायूंचे प्रमाण अल्प असले तरी बाहेर जाणारी उष्णता तेच रोखतात. म्हणून त्यांच्यातील बदल पृथ्वीच्या ऊर्जेचा ताळेबंद बदलतो.
२) समस्थानिक, ऑक्सिजन, उत्सर्जनाचा हिशेब व स्थितांबराचे थंड होणे हे चार परस्परस्वतंत्र पुरावे या वाढीचे मानवी मूळ दर्शवतात.
३) ओझोनचा ऱ्हास व तापमानवाढ या भिन्न समस्या आहेत. काही वायू त्यांच्यातील दुवा आहेत, पण एक समस्या दुसरीचे कारण नाही.
४) तापमान वार्षिक उत्सर्जनावर नव्हे, तर संचित साठ्यावर अवलंबून असते. म्हणून दीर्घायुषी व अल्पायुषी वायूंसाठी वेगळे धोरण लागते.

अखेरीस अध्यापकांसाठी एक नम्र सूचना करावीशी वाटते. पर्यावरण अभ्यासाच्या तासाला ओझोन व तापमानवाढ हे घटक स्वतंत्र दिवशी शिकवावेत आणि परीक्षेत 'तापमानवाढीची कारणे सांगा' या प्रश्नाऐवजी 'उत्सर्जन घटले तरी प्रमाण का वाढते?' असा एखादा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते, दुसऱ्याचे समजून घ्यावे लागते. आज वर्गात बसलेले विद्यार्थी उद्या शेतकरी, व्यापारी, शासकीय अधिकारी व मतदार म्हणून याविषयीचे निर्णय घेणार आहेत. त्या निर्णयांचे परिणाम त्यांच्या नातवंडांच्या काळातही हवेत शिल्लक असतील.